पोचवणाऱ्याच्या हातून नुकसान झाले, तर भरपाई कोणी द्यायची?

दिवाळीच्या आठवड्यात घरी नवा सोफा यायचा असतो. 'छोटा हत्ती' सोसायटीच्या फाटकातून आत शिरतो, चालक गाडी मागे घेतो आणि फाटकाच्या खांबाला धडक बसते. खांबाची फरशी निखळते, शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरचा दिवा फुटतो. पुढे सोफा वर नेताना हमालांच्या हातून दाराची चौकट खरवडली जाते ती वेगळीच. चालक म्हणतो, 'मी भाड्याचा माणूस, दुकानात बोला.' दुकानदार म्हणतो, 'गाडी आमची नाही, वाहतूकदाराची आहे.' वाहतूकदार विमा कंपनीकडे बोट दाखवतो. सोसायटीचे सचिव मात्र सरळ ग्राहकाच्याच दारात येऊन उभे राहतात: 'माल तुमच्या घरी आला, खांबाचा खर्च तुम्ही द्या.'

या वर्तुळात ग्राहक फिरत राहतो, याचे कारण कायदा मुका आहे असे नव्हे. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्य असते आणि तेवढ्याच आधारावर प्रत्येक जण पूर्ण हात झटकतो. दुसऱ्याच्या मालमत्तेला हयगयीने हानी पोचवणे हे 'अपकृत्य' होय. अपकृत्यांविषयी भारतात एकत्रित, संहिताबद्ध कायदा नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी घडवलेली तत्त्वे आणि आपल्या न्यायालयांचे निवाडे हाच त्याचा पाया आहे. त्याच्या जोडीला मोटार वाहन कायदा १९८८, रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा २००७ आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उभे आहेत. या सगळ्यांतून वाट काढताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. नुकसान घडले त्या क्षणी काम कोणाचे चालू होते?

ज्याच्या हातून हयगय झाली, तो चालक स्वतः जबाबदार असतोच. 'मी नोकर आहे' किंवा 'मी भाड्याचा आहे' हा कायद्याने बचाव होत नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाकडून वीस-पंचवीस हजारांची भरपाई वसूल होणे कठीण, हे कायद्यालाही फार पूर्वी उमगले. म्हणून नोकराने कामाच्या ओघात केलेल्या हयगयीसाठी मालकाला जबाबदार धरणारे परोक्ष दायित्वाचे तत्त्व रुजले. ज्याच्या फायद्यासाठी काम चालते, त्याने त्या कामातून उद्भवणारा धोकाही सोसावा, हा त्यामागचा न्याय.

माल पोचवताना झालेल्या नुकसानीबाबतचा सर्वांत बोलका निवाडा १९४२ सालचा आहे आणि तो ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. सेंच्युरी इन्शुरन्स विरुद्ध नॉर्दर्न आयर्लंड रोड ट्रान्सपोर्ट बोर्ड हे ते प्रकरण. पेट्रोलच्या टँकरचा चालक एका गॅरेजमध्ये जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल सोडत होता. ते चालू असतानाच त्याने सिगारेट पेटवली आणि जळती काडी खाली टाकली. आग लागली, स्फोट झाला. सिगारेट ओढणे हा चालकाचा खासगी उद्योग, त्याच्याशी मालकाचा काय संबंध, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही. पेट्रोल उतरवणे हे मालकाचे काम होते आणि ते काम चालू असताना काडी टाकणे ही त्या कामातलीच हयगय ठरली.

मालकाने 'असे करू नका' अशी ताकीद दिली होती, एवढ्यानेही तो सुटत नाही. लंडनमधील घोड्यांच्या बसगाड्यांच्या काळात, १८६२ साली, एका चालकाने प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाडीला वाट अडवून उलथवले. शर्यत लावू नये अशा कंपनीच्या सूचना होत्या. तरीही बस चालवणे हेच त्याचे काम असल्याने कंपनीला भरपाई द्यावी लागली. आज वितरण कंपन्या ग्राहकाला उत्तर देताना 'आमच्या प्रशिक्षणात असे करण्यास स्पष्ट मनाई आहे' असे वाक्य हमखास घालतात. त्या वाक्याचे वजन दीडशे वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा दोन्ही बाजूंनी आखली आहे. सीताराम मोतीलाल कलाल विरुद्ध संतनुप्रसाद जयशंकर भट्ट या १९६६ च्या प्रकरणात मालकाने टॅक्सी एका माणसाला चालवायला दिली होती. त्याने ती क्लीनरच्या हाती दिली आणि क्लीनर वाहन परवान्याची चाचणी देत असताना अपघात झाला. चाचणी देणे हे मालकाचे काम नव्हे, म्हणून बहुमताने मालकाला जबाबदारीतून मुक्त करण्यात आले. याउलट पुष्पाबाई पुरुषोत्तम उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी हा १९७७ चा निवाडा. नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी कंपनीची मोटार व्यवस्थापक चालवत होते. ती रस्ता सोडून झाडावर आदळली आणि सोबत घेतलेल्या गृहस्थांचा मृत्यू झाला. व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठीच निघाले होते, म्हणून कंपनी जबाबदार ठरली. याच निवाड्यात आणखी एक सूत्र लागू झाले, ते ग्राहकाच्या उपयोगाचे आहे. एरवी रस्त्यावर राहणारी मोटार झाडावर जाऊन आदळते, तेव्हा घटनाच हयगयीची साक्ष देते आणि खुलासा करण्याचे ओझे चालकाच्या बाजूवर येते. उभ्या खांबावर आदळलेल्या टेम्पोलाही हाच न्याय लागू होऊ शकतो. खांब चालत टेम्पोपुढे आला नव्हता.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो वरकामात. फ्रीज तळमजल्यावर उतरवून देण्याचा करार असतो. ग्राहक म्हणतो, 'शंभर रुपये देतो, तिसऱ्या मजल्यावर चढवून द्या.' जिन्यात फ्रीज निसटतो आणि कठड्याची काच फुटते. हे काम दुकानाचे की त्या माणसाचे खासगी? बिलावर 'घरपोच व जोडणीसह' असे लिहिले असेल, तर वाद उरत नाही. 'केवळ तळमजल्यापर्यंत' असे लिहिलेले असेल, तर दुकानाला बचावाची चांगली संधी मिळते आणि ते शंभर रुपये ग्राहकाला फार महाग पडू शकतात.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे: मालक म्हणायचे कोणाला? परोक्ष दायित्व हे मुख्यतः मालक-नोकर नात्यावर उभे आहे. स्वतंत्र कंत्राटदाराच्या हयगयीसाठी काम देणारा सहसा जबाबदार नसतो. घरगुती गॅसच्या बाबतीत हा भेद ठळकपणे पुढे आला. इंडियन ऑइल कॉर्पोरेशन विरुद्ध कन्झ्युमर प्रोटेक्शन काउन्सिल, केरळ या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की तेल कंपनी आणि वितरक यांचे नाते धनी आणि प्रतिनिधी असे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. त्यामुळे वितरकाच्या हयगयीचा भार कंपनीवर टाकता येणार नाही. सिलिंडर आणणाऱ्याने तो आपटून स्वयंपाकघरातील फरशी फोडली, तर ग्राहकाने आधी एजन्सीचे दार ठोठवावे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

अॅपवरून माल मागवण्याच्या आजच्या पद्धतीत हाच वाद नव्या रूपात आला आहे. दुचाकीवरून पिशवी घेऊन येणारा तरुण कंपनीच्या भाषेत नोकर नसतो, 'भागीदार' असतो. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिनेही गिग कामगाराची व्याख्या पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा अशीच केली आहे. कंपन्यांना ही व्याख्या सोयीची वाटेल. पण ती कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी केलेली आहे. फुटलेल्या काचेची भरपाई कोणी द्यायची, हे ठरवण्यासाठी ती लिहिलेली नाही. गणवेश कंपनीचा, मार्ग कंपनीच्या नकाशावरचा, वेळ कंपनीने बांधून दिलेली, उशीर झाल्यास कमाईवर परिणाम कंपनीच्या हातात. एवढे नियंत्रण असताना 'तो स्वतंत्र आहे' हे म्हणणे न्यायालयापुढे कितपत टिकेल, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. मात्र या मुद्द्यावर निर्णायक शब्द आलेला आहे असे समजून कोणी ग्राहकाने निर्धास्त राहू नये.

ग्राहकाची बाजू अधिक भक्कम होते ती ग्राहक कायद्यामुळे. येथे प्रश्न केवळ 'तो तुमचा नोकर होता का' एवढाच राहत नाही, तर 'तुम्ही पैसे घेऊन जी सेवा कबूल केली, ती नीट दिली का' असा होतो. सविता गर्ग विरुद्ध नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट या २००४ च्या निवाड्यात रुग्णालयाने डॉक्टर कायम नोकरीत ठेवला आहे की बाहेरून बोलावला आहे, हा भेद रुग्णापुढे गैरलागू ठरवण्यात आला. रुग्ण रुग्णालयात येतो आणि सेवा देण्यासाठी रुग्णालय कोणाला नेमते हा त्याचा अंतर्गत मामला. तोच विचार घरपोच सेवेला लावणे अगदी स्वाभाविक आहे. सोफ्याच्या किमतीत पोचवणी धरलेली असते. 'मोफत घरपोच' असे फलकावर लिहिल्याने ती सेवा फुकटची ठरत नाही. २०१९ च्या कायद्याचे ३९ वे कलम विरुद्ध पक्षाच्या हयगयीमुळे ग्राहकाला झालेल्या हानीची भरपाई देण्याचा अधिकार आयोगाला स्पष्टपणे देते. त्यामुळे तक्रारीत विक्रेता, अॅप चालवणारी कंपनी आणि वाहतूकदार या तिघांनाही विरुद्ध पक्ष करावे. कोणाचा हिस्सा किती, हे त्यांनी आयोगापुढे एकमेकांत भांडून ठरवावे.

आता विमा. प्रत्येक मोटार वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि त्यात केवळ जखमी व मृतांची नव्हे, तर मालमत्तेच्या नुकसानीचीही भरपाई येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रचलित पॉलिसींत मालमत्तेसाठीची मर्यादा व्यावसायिक वाहनाला सामान्यतः ७.५ लाख रुपये आणि दुचाकीला १ लाख रुपये असते. हप्ता वाचवण्यासाठी मालकाने ती ६ हजारांपर्यंत उतरवून घेतलेली असू शकते. म्हणून नुसते 'विमा आहे' हे ऐकून समाधान मानू नये, पॉलिसीची प्रत पाहावी. खांब आणि स्कूटर यांचे नुकसान या विम्यात बसेल. दाराची चौकट खरवडली ती वाहनाने नव्हे, हातांनी. तिचा मोटार विम्याशी संबंध नाही. गाडीत भरलेला सोफा फाटला, तर तोही या विम्यात येत नाही.

दुचाकीवरून होणाऱ्या वितरणात याहून मोठी गोम आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि व्यापारी मालाची वाहतूक सहसा वगळलेली असते. अपघाताच्या वेळी गाडी वितरणाच्या कामात होती असे दिसताच विमा कंपनी हात आखडता घेण्याची शक्यता असते. आणि ज्या विजेच्या दुचाकीची शक्ती २५० वॉटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असतो, ती ठरावीक वजनाच्या आत असल्यास कायद्याने मोटार वाहनच ठरत नाही. तिला नोंदणी नाही, सक्तीचा विमाही नाही. दहा मिनिटांत किराणा पोचवण्याच्या या युगात अशा गाड्या गल्लोगल्ली धावत आहेत. त्यांच्या धडकेत मोटारीचे दार चेपले, तर विमा कंपनी चित्रातच नसते. उरतो तो चालक आणि त्याला पाठवणारी कंपनी.

सोसायटीच्या आवारातील अपघात हा 'सार्वजनिक जागी' झाला नाही, असाही आक्षेप विमा कंपन्या घेतात. सार्वजनिक जागेची व्याख्या मात्र रस्त्यापुरती नाही. लोकांना प्रवेशाचा हक्क असलेली कोणतीही जागा तीत येते आणि न्यायालयांचा कल तिचा अर्थ व्यापक लावण्याकडे राहिला आहे.

पोचवलेल्या वस्तूचे नुकसान आणि घराचे नुकसान या दोन गोष्टी ग्राहक बहुधा एकाच तक्रारीत मिसळतो. कायदा त्यांच्याकडे निरनिराळ्या नजरेने पाहतो. वस्तूच्या बाबतीत पावतीवरील अटी बोचू शकतात. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या प्रकरणात कुरिअरच्या सही केलेल्या पावतीवर जबाबदारी १०० डॉलरपुरती मर्यादित असल्याचे छापलेले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अट बंधनकारक मानली. २००७ च्या मालवाहतूक कायद्यानुसारही मालाची जास्त किंमत जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत सीमित राहते. शिवाय माल सोपवल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. पण या मर्यादा मालापुरत्या आहेत. फाटकाचा खांब हा काही गाडीत भरलेला माल नव्हता. पावतीवरील बारीक अक्षरे दाखवून कोणी खांबाचे पैसे नाकारू लागला, तर ही गोष्ट त्याच्या ध्यानात आणून द्यावी.

तो खांब मुळात सोसायटीचा आणि स्कूटर शेजाऱ्याची. या दोघांनी दुकानाकडून काही विकत घेतलेले नाही. म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग त्यांना खुला नाही. त्यांचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे किंवा दिवाणी न्यायालयात. सोफा मागवणाऱ्या सदस्याकडून खर्च वसूल करण्याची सचिवांची घाई सहसा कायद्यात बसत नाही. ग्राहक हा चालकाचा मालक नव्हे. चालकाला कोणी नेमले, गाडी कोणती पाठवली, यांवर त्याचे काहीही नियंत्रण नव्हते. अपवाद एकच. 'या, या, अजून मागे या' असे म्हणत ग्राहकानेच गाडी खांबावर आणली, किंवा ड्रेनेजच्या झाकणावरून गाडी नेऊ नका असे रखवालदार सांगत असताना त्यानेच आग्रह धरला, तर हयगयीत त्याचाही वाटा धरला जाईल आणि त्या प्रमाणात भरपाई कमी होईल.

पोलिसांत तक्रार केली म्हणजे पैसे मिळतील, ही समजूत चुकीची आहे. भारतीय न्याय संहितेतील आगळिकीच्या गुन्ह्याला हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते. निव्वळ हयगय तेथे पुरत नाही. मोठ्या नुकसानीत विम्यासाठी पोलीस नोंद उपयोगी पडते, एवढेच तिचे महत्त्व. खरा आधार पहिल्या पंधरा मिनिटांत गोळा केलेल्या पुराव्याचा असतो. वाहनाचा क्रमांक व चालकाचा परवाना दिसेल असे छायाचित्र, फाटकावरील कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाण्याआधी घेतलेली प्रत, ऑर्डरचा क्रमांक, रखवालदाराच्या वहीतील नोंद. माल मिळाल्याची सही करताना पावतीवर किंवा पडद्यावर नुकसानीचा शेरा लिहावा. 'माल सुस्थितीत मिळाला' या छापील ओळीखाली केलेली कोरी सही पुढे फार छळते. गवंड्याकडून किंवा सुताराकडून दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक घेतल्याशिवाय दुरुस्ती करून टाकू नये. जुन्या फाटकाच्या जागी नवे, अधिक देखणे फाटक बसवण्याचा खर्च मात्र कोणतेही न्यायालय देणार नाही. मिळते ती झालेल्या हानीची भरपाई.

तक्रार आधी विक्रेत्याकडे लेखी करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. त्याने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार करण्याची मुदत २ वर्षे असून, ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. वस्तूसाठी वा सेवेसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे मात्र १ एप्रिल २०२२ पासून ६ महिन्यांची मुदत आली. तिला न्यायालयात आव्हान मिळाले असले, तरी त्या भरवशावर थांबण्यात शहाणपण नाही. मालमत्तेचे नुकसान २ हजार रुपयांपेक्षा अधिक असल्यास न्यायाधिकरणाऐवजी दिवाणी न्यायालयात जाण्याची मुभा आहे. तेथे साधारणतः ३ वर्षांची मुदत असते. पण आठ-दहा हजारांसाठी दिवाणी दावा लावणे म्हणजे खांबासाठी घर विकणे. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत प्रकरण मिटवणे पुष्कळ सोयीचे.

बरेच ग्राहक तक्रारच करीत नाहीत. 'त्या पोराच्या कमाईतून कापतील' ही भीती त्यांना मागे खेचते आणि ती अगदीच अनाठायी नाही. कायद्याने मालकाने भरपाई दिल्यानंतर चालकाकडून ती परत मागण्याचा मार्ग बंद केलेला नाही. रॉमफोर्ड येथील एका लॉरीचालकाच्या हातून लॉरी मागे घेताना त्याचे स्वतःचे वडीलच जखमी झाले. वडील त्याच लॉरीवर मदतनीस होते. मालकाच्या विमा कंपनीने वडिलांना भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावाने मुलावर दावा लावला. १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मान्य केला. या निवाड्यावर तेव्हा मोठी टीका झाली आणि ब्रिटनमधील विमा कंपन्यांनी आपसांत ठरवून हा अधिकार सहसा न वापरण्याचे कबूल केले. म्हणून तक्रारीत चालकाच्या नावापेक्षा कंपनीचे, वाहनमालकाचे आणि विमा कंपनीचे नाव पुढे ठेवावे. जागच्या जागी तडजोड करायची झाल्यास चालकाच्या खिशातून चार नोटा काढून घेण्याऐवजी दुकानदाराशी फोनवर बोलून घ्यावे. रक्कम, तारीख आणि वाहन क्रमांक लिहून दुकानदाराच्या सहीची चिठ्ठी घ्यावी. 'संपूर्ण व अंतिम' असे शब्द त्या चिठ्ठीत असतील, तर गवंड्याचे अंदाजपत्रक हाती येईपर्यंत तिच्यावर आपली सही करू नये.